बांधावरचा तरवड

श्रीनिवासचा फोन आला तेव्हा मी त्याच्या आईसाठीच कडक भाकरी बांधत होते. आषाढ संपत आला होता. शेजारचं कुणीतरी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालं होतं, आणि पुण्याला जाणाऱ्या माणसाला राजीसाठी काहीतरी दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही माझी गेल्या सहा वर्षांची खोड. एकेक भाकरी कागदात गुंडाळून चळत लावत होते. "मावशी…" म्हणून तो थांबला. मला वाटलं, रेंज गेली. मी म्हटलं, "अरे बोल की, किती देऊ? आठ पुरतील का?" मग हळू आवाजात त्यानं सांगितलं. सकाळी चहा घेऊन आई गॅलरीतल्या खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. फोन ठेवल्यावर मी त्या भाकऱ्या परत डब्यात ठेवल्या. कडक भाकरी महिना महिना टिकते, म्हणून तर ती पाठवायची. पण पुढचा महिनाभर त्या डब्याकडे मला बघवलं नाही. शेवटी एक दिवस शेजारच्या गाईला घातल्या.

राजी म्हणजे राजमणीबाई. आम्ही दोघींनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. शाळा मराठी, पण पोरं घरी तेलुगू बोलणारी, विणकरांची. राजीचं घरही त्यातलंच. तिचे आजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन सोलापुरात आले, वडिलांनी यंत्रमाग चालवला, नवरा एका कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर. मी वळसंगची, घरी कन्नड बोलणारी. शाळेतला माझा पहिला दिवस अजून आठवतो. पहिलीचा वर्ग, समोर पन्नास पोरं, आणि मी मराठीत ओरडतेय, "बसा, खाली बसा." एकही बसेना. काही माझ्याकडे टकामका बघतायत, काही रडायच्या बेतात. तेवढ्यात शेजारच्या वर्गातून एक सावळी, उंच बाई आली, दारातूनच तेलुगूत दोन शब्द बोलली, आणि पन्नासच्या पन्नास पोरं खाली बसली. मला लाज वाटली आणि रागही आला. मधल्या सुट्टीत तिनं स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "बाई, आधी त्यांच्या घरात जाऊन या. मग हळूच शाळेत आणा." तेव्हा ती मला 'तुम्ही' म्हणत होती. महिन्याभरात 'तू' झालं.

गंमत म्हणजे ही तेलुगू बाई शाळेत मराठी शिकवायची, आणि असं शिकवायची की शहरातल्या मोठ्या शाळांतल्या बाईंनी येऊन बसावं. अक्षर तर मोत्यासारखं. पण वह्या मोजताना ओठ तेलुगूत हलायचे. भाजीवाल्या बागवान चाचांशी घासाघीस दख्खनीत, पोरांना रागावणं मराठीत, देवापुढं पुन्हा तेलुगू. मी एकदा विचारलं, "राजी, तुला स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात गं?" ती म्हणाली, "स्वप्नात मी सारखी कुणाची तरी वाट बघत असते. वाट बघायला भाषा कशाला लागती?" आणि वर मलाच टोमणा, "तू विचारू नकोस. तू कुठं गाव सोडलंस? तू तर एसटीनं आलीस." खरंच होतं ते. माझं माहेर बसनं तासाभरावर. आठवडा गेला की मी पिशवी घेऊन वळसंगला. तिच्या आजोबांचं गाव तिनं जन्मात एकदाच पाहिलं, तेही लग्नाच्या निमित्तानं, चाळिशी उलटल्यावर.

त्या लग्नाहून येऊन तिला चार दिवस झाले होते. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता सांगायला लागली. तिथल्या बायकांनी तिला मोठ्या प्रेमानं मध्ये बसवलं, गाणी म्हणायला लावली. हिनं आजीकडून शिकलेली गाणी म्हटली. बायका आधी ऐकत राहिल्या, मग एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. वाईट मनानं नव्हे. एक म्हातारी म्हणाली, अगं, असं तर माझी आजी बोलायची, आता असं कुणी बोलत नाही. त्यांची भाषा पुढं गेली होती. आजोबांनी सोबत आणलेली सोलापुरात होती तशीच राहिली होती, आणि तिच्यात मध्ये मध्ये मराठी शब्द घुसले होते ते वेगळेच. "सगळं लग्न मला सोलापूरवाली म्हणत होतं," राजी म्हणाली. "हितं सगळे तेलुगू बाई म्हणतात. मग मी आहे कोण?" मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर वही माझ्याकडे सारत म्हणाली, "तू राहू दे. तू ऱ्हस्व-दीर्घ बघ." मनाला लागलेलं काही बोलून झालं की ती असंच करायची, लगेच कामाला लागायची.

आता त्या फुलांचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडलंय. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस तेलुगू बायकांची बतुकम्मा असते. पितळेच्या परातीत फुलांचे गोल थर लावत लावत उतरता मनोरा रचायचा, वर हळदीची गौर ठेवायची, तो अंगणात मध्ये ठेवून बायकांनी भोवती फेर धरायचा, टाळ्या देत गाणी म्हणायची, आणि शेवटी तळ्यावर नेऊन फुलं पाण्यात सोडायची. झेंडू, शेवंती सगळं चालतं, पण राजीच्या घरी पहिला थर तरवडाचाच लागायचा. तरवड म्हणजे माळावर, बांधावर उगवणारं ते पिवळ्या फुलांचं झुडूप, ज्याला आमच्या वळसंगला कुणी विचारत नाही, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. ते बाजारात कुठून मिळणार? माझ्या भावाच्या बांधावर तो ढीगभर. मग ठरूनच गेलं. अमावास्येच्या आदल्या दिवशी मी वळसंगला जायची, दोन पिशव्या भरून तरवड आणि तुऱ्याचा कुरडू घेऊन यायची. भाऊ हसायचा. "अक्का, जगात कुणी बांधावरचं गवत एसटीनं नेत न्हाई बघ."

तिच्या घरची आणखी एक रीत होती. तळ्यावरून परात रिकामी घरी आणायची नाही. फुलं सोडली की परातीत थोडं पाणी, नाहीतर काठावरचं एखादं पान, काहीतरी घालूनच परतायचं. राजी म्हणायची, रिकामी परात घरात आली की माणूस घर सोडतं. मी थट्टा करायची, पण फेरात मात्र तिच्या शेजारीच असायची. सव्वीस वर्षं त्या फेरात फिरल्यावर मला ती सगळी गाणी पाठ झाली. अर्थ एकाही ओळीचा येत नाही. अर्थ विचारला तर म्हणायची, "सांगते की, घाई काय आहे?"… ते राहिलंच.

नवरा गेला, दोघी निवृत्त झालो, आणि श्रीनिवासनं तिला पुण्याला नेलं. मुलगा गुणी, सून अमृता साताऱ्याकडची, चांगली, आई आई करणारी. नात मैत्रेयी तेव्हा पहिलीत होती. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, आणि तीच राजीची अडचण होती. दुःख सांगायला काही कारण तरी लागतं ना. बाराव्या मजल्यावरचं घर, गॅलरीत झोका, शिवाय खुर्ची. फोनवर म्हणायची, "सगळं लई चांगलं आहे गं. फक्त हितं मला कुणी ओळखत नाही." मी म्हणायची, "ओळख करून घे की, तोंडात काय मूग धरलेस?" ती म्हणायची, "अगं तसं नव्हे. सोलापुरात दारात उभी राहिले की समोरून जाणाऱ्याला माझी आजीसुद्धा ठाऊक असायची. हितं मी श्रीनिवासच्या आई. त्याच्याआधी मी नव्हतेच जणू."

फुलं मात्र मी पाठवत राहिले. ओल्या पंच्यात गुंडाळून, केळीच्या पानात बांधून, ट्रॅव्हल्सच्या गाडीत ठेवायची. श्रीनिवास हडपसरला जाऊन उतरवून घ्यायचा. चौथ्या वर्षी मी स्वतःच घेऊन गेले. राजीनं सोसायटीच्या हिरवळीवर परात मांडली. काय सुंदर रचली होती ती बतुकम्मा, सांगू नये. येता-जाता लोक थांबत होते, फोटो काढत होते. एकीनं विचारलं, "काकू, तुम्ही साउथच्या का?" राजी म्हणाली, "सोलापूरची." "मग हे?" राजी परातीतलं एक फूल सरळ करत राहिली. सव्वीस वर्षं पोरांना उत्तरं शिकवणारी बाई, पण याचं उत्तर दोन वाक्यांत बसेना. मग फेर धरायची वेळ आली. फेराला बायका लागतात. आम्ही दोघी होतो. दोघींचा काही फेर होत नाही, समोरासमोर चालल्यासारखं होतं. अमृता पदर खोचून आली, मैत्रेयी आली, तेव्हा कुठं गोल झाला. राजी गात होती, मी मागून म्हणत होते, आणि त्या दोघी नुसत्या टाळ्या देत होत्या. तळं नव्हतं, म्हणून फुलं बादलीत सोडली. परात घरी नेताना राजीनं बादलीतलं ओंजळभर पाणी तिच्यात घेतलं. लिफ्टमध्ये ते सांडू नये म्हणून बाराव्या मजल्यापर्यंत ती श्वास रोखून उभी होती.

गेल्या वर्षी भाद्रपदात श्रीनिवासचा मला फोन आला, आईला न सांगता केलेला. "मावशी, एक विनंती आहे. यंदा फुलं नका पाठवू." आई महिनाभर आधीपासून अस्वस्थ होते, दिवस मोजते, सण झाला की चार-चार दिवस गॅलरीत बसून राहते, जेवत नाही. डॉक्टर म्हणाले, मन तिथं गुंतलंय, इथं रमवायला बघा. "तुमची फुलं आली की सगळं पुन्हा वर येतं, मावशी. एक वर्ष जाऊ दे. कदाचित ती इथं मुळं धरेल." आईवर जीव असलेला मुलगा होता तो, आणि मी शहाणी, निवृत्त मास्तरीण. मला पटलं. माणसाची एक दोरी तोडली की ते दुसरीकडे बांधून घेतं, असं मला वाटलं. सव्वीस वर्षं राजीच्या शेजारी काढून मला एवढंच समजलं होतं.

तिनं फोन केला तेव्हा मी सांगितलं, "राजी, यंदा जमत नाही गं. रस्ता रुंदीकरणात भावाचा बांध गेला. तरवड सगळा उपटून टाकला." एवढं लांबलचक खोटं मी कधी बोलले नव्हते. फुलला नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, पुढल्या वर्षी पुन्हा विचारायला नको. ती म्हणाली, "सगळा?" मी म्हटलं, "सगळा." "तुझ्या भावाला वाईट वाटलं असेल," ती म्हणाली. स्वतःचं काही नाही, माझ्या भावाचं. त्या वर्षी तिनं बतुकम्मा मांडली नाही. श्रीनिवासचा फोन आला की आई शांत आहे. मलाही बरं वाटलं. आपण चांगलं केलं असं वाटलं, हे खरं आहे.

संक्रांतीला श्रीनिवास काही कामानं सोलापूरला आला तो माझ्याकडे एक जड पिशवी ठेवून गेला. आत पितळेची परात. सोबत चिठ्ठी, तेच मोत्यासारखं अक्षर: "सुवर्णा, फुलंच नाहीत तर परात इथं ठेवून काय करू? तुझ्याकडे असू दे." वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की परात रिकामी नव्हती. मध्ये एक कागदाची पुडी होती, धाग्यानं बांधलेली. आत बिया. चपट्या, तपकिरी, मूठभर. मी पाठवलेल्या फांद्यांना फुलांबरोबर शेंगाही असायच्या. त्या ती दर वर्षी वाळवून बिया काढून ठेवत होती. चिठ्ठीत खाली लिहिलं होतं: "तरवडाच्या आहेत. मिरगात भावाच्या नव्या बांधावर लाव. आधी गरम पाण्यात भिजव, साल कडक असते. दोन वर्षांत फुलं येतील."

बाराव्या मजल्यावर माझ्या बांधाची काळजी करत बसलेली ही बाई. उपटून टाकली म्हणून मी सांगितलेली झाडं परत लावायला निघालेली. मी त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं की राजी, तरवड कुणी तोडला नाही गं, बांध होता तसा आहे, मी खोटं बोलले. सांगितलं नाही. आधी वाटलं, श्रीनिवास तोंडघशी पडेल. मग वाटलं, भेटल्यावर सांगू. मग मिरग आला, आणि ज्या बांधावर तरवड माजलाय तिथं तरवड काय लावायचा, म्हणून बिया तशाच राहिल्या. प्रत्येक फोनवर ती विचारायची, "लावल्यास का?" मी म्हणायची, "लावते, लावते." ती म्हणायची, "दोन वर्षांनी मी येणार बघ फुलं न्यायला. श्रीनिवास नको म्हणाला तरी येणार." मी हसायची. तिला माहेरी यायला एक निमित्त मिळालं होतं, आणि ते माझ्या खोट्यातून उगवलेलं होतं.

दहाव्याला पुण्याला गेले. घर माणसांनी भरलेलं होतं, तरी गॅलरीतल्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. श्रीनिवास माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, मी चुकलो का?" मी म्हटलं, "दोघं चुकलो, बाळा." त्याला जवळ घेतलं. आणखी काय करणार होते? निघताना मैत्रेयी दारापर्यंत आली. आता बारा वर्षांची झाली, उंची थेट आजीची. मला म्हणाली, "सुवर्णाआजी, आजीच्या बिया उगवल्या का? ती रोज विचारायची. म्हणायची, दोन वर्षांनी तुला वळसंगला नेते, तिथं उभं राहून बघ, मग तुला कळेल आपण कुठले." मी त्या पोरीच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "उगवल्या." दुसरं खोटं. मी जिन्यानंच खाली उतरले, नाहीतर लिफ्टच्या आरशात मला माझं तोंड बघावं लागलं असतं.

आज भाद्रपद संपत आलाय. परवा अमावास्या. काल वळसंगला जाऊन आले. भाऊ बांधावर उभा होता, म्हणाला, "अक्का, औंदा लई फुललाय बघ. मागल्या साली तू नेला न्हाईस, त्याचा राग काढला जणू." खरंच, अख्खा बांध पिवळा. मी तिथं बसून रडले. साठ ओलांडलेली बाई गवताजवळ बसून रडतेय, हे बघून भावाला काय करावं सुचेना. तो विळा घेऊन फुलं काढायला लागला. दोन पिशव्या भरल्या. काढता काढता मी तिचं गाणं म्हणत होते, अर्थ माहीत नसलेलं. भाऊ म्हणाला, "काय म्हणतीस हे?" मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाई. जिला ठाऊक होतं ती गेली."

उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. फुलं पाठवणार नाही, घेऊन जाणार आहे, आणि परातही. ती मैत्रेयीची आहे, माझ्याकडे तिचं काही काम नाही. तिला थर लावायला मी शिकवीन, गाणी मी म्हणेन, अर्थ ती कधीतरी कुणा तेलुगू बाईला विचारील. फुलं बघून ती विचारणार, आजी, ही कुठली? दोन वर्षं लागणार होती ना? तेव्हा तिला सांगायचं आहे, की हा तरवड कधी तुटलाच नव्हता, तुझी आजी यायची म्हणत होती त्या जागेवर तो सगळा वेळ उभा होता, मीच तिला तो नाही म्हणून सांगितलं. पोरगी माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. हे सगळं इथं आधी लिहून ठेवलं, ते ऐन वेळी माझी जीभ अडू नये म्हणून.

परात चिंच लावून घासून ठेवलीये. मध्ये बियांची पुडी आहे, धागा अजून सोडलेला नाही.